व्ह्यूज गटाबाहेरचे, मतं गटातली

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचे काका जिल्हा परिषदेच्या गटातून उभं राहायची तयारी करताहेत. घरात मोबाइलमधलं त्यातल्या त्यात ज्यांना कळतं, त्यांच्या गळ्यात प्रचाराचा हा भाग आपसूक पडतो, तसा तो ताईंच्या गळ्यात पडलाय. त्या विचारतात : सोशल मीडियामुळे प्रचार खरंच बदललाय, की सगळे करतात म्हणून आपणही करायचं? नाशिकच्या एका एजन्सीने पन्नास रील, ड्रोन शूटिंग आणि फॉलोअर्स वाढवून देण्याचं पॅकेज सांगितलंय, ते घ्यावं का? तरुण पोरं यामुळे मतदानाला येतात का? आणि आपण गावच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन आहोत, तर त्यात काही अडकायला होईल का?

मी नाशिक जिल्ह्यात निवडणुकीची कामं करतो, भिंती रंगवायच्या आणि रिक्षावर भोंगा बांधून फिरवायच्या काळापासून. ताई, पॅकेजचं आधी सांगतो, कारण एजन्सीवाला रोज फोन करत असणार. घेऊ नका. निदान आहे त्या रूपात तरी नाही.

तुमचा गट म्हणजे दहा-पंधरा गावं. इन्स्टाग्रामला गावाची शीव कळत नाही. काका द्राक्षबागेतून चालताहेत, वरून ड्रोन, मागे दणदणीत गाणं, अशी रील कोल्हापूरला दिसेल, पुण्यात हिंजवडीला दिसेल, दुबईतल्या मराठी माणसालाही दिसेल. एजन्सी तुम्हाला एकूण व्ह्यूजचा आकडा दाखवणार, आणि तो मोठा असणारच. त्यातले गटातले किती, हे विचारा. उत्तर येणार नाही, कारण ते त्यांच्याकडेही नसतं. फॉलोअर्स वाढवून देतो म्हणणाऱ्याचे तर निम्मेशिम्मे फॉलोअर्स माणसंच नसतात. पैसे खर्चायचेच असतील तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर पिन टाकून आसपासचा टापू निवडता येतो, तेवढ्याच भागात जाहिरात जाते. पण राजकीय जाहिरातीसाठी आधी ओळख पडताळून घ्यावी लागते आणि जाहिरातीवर ती कोणाच्या पैशाने आहे हे छापावं लागतं. या सगळ्याला दिवस लागतात. अर्ज भरल्यावर हे सुरू केलंत तर वरातीमागून घोडं.

मग सोशल मीडियाने बदललं काय? पुष्कळ बदललं, पण एजन्सी सांगते ते नाही.

सगळ्यात आधी नेत्यांच्या बोलण्यावर लगाम आला. पूर्वी पाण्याच्या प्रश्नावर नाशिकला सभा असली की 'एक थेंबही खाली जाऊ देणार नाही' आणि त्याच पक्षाचा माणूस मराठवाड्यात गेला की 'जायकवाडीचं पाणी आमच्या हक्काचं'. दोन्हीकडे टाळ्या. दोन्ही भाषणं एकमेकांना कधी भेटत नसत. आता कोपरा सभेलाही चार-पाच मोबाइल वर झालेले असतात आणि संध्याकाळच्या आत दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावून कुणीतरी फिरवतो. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत भाजपच्या विरोधात हेच भर सभेत मोठ्या पडद्यावर केलं. मनसेचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता, तरी त्या सभांइतकी चर्चा त्या वर्षी राज्यात दुसऱ्या कशाची झाली नसेल. पोरं ते संवाद तोंडपाठ म्हणत होती. निकाल लागला तेव्हा भाजप-शिवसेना युतीने राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा घेतल्या. चर्चा आणि मत यांच्यात किती अंतर असतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पण तो प्रयोग वाया गेला असंही मी म्हणणार नाही. जुनं बोलणं उकरून समोर ठेवायची सवय तेव्हा लागली ती लागलीच. काकांनाही सांगून ठेवा : मागच्या पाच-दहा वर्षांत कुठल्या व्यासपीठावर काय बोललात, कुणासोबत फोटो काढलात, ते आधी आपण पाहून घेऊ. विरोधकाने काढण्याआधी.

दुसरा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो तुमच्याच भागात सगळ्यात स्पष्ट दिसला. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मुदत ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढली आणि निर्यात खुली झाली ती ४ मे २०२४ ला. तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान होतं २० मे रोजी. या मधल्या पाच महिन्यांत कांद्याच्या पट्ट्यात प्रचार कुणी केला? पक्षांनी केला, पण तो लोकांनी फार मनावर घेतला नाही. खरं काम झालं ते बाजारभावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

ते ग्रुप तुम्ही पाहिलेच असतील, कदाचित असालही एखाद्यावर. सकाळी लिलाव सुरू झाला की लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, उमराणे, एकेक बाजार समितीचा मेसेज पडतो : आवक एवढी, कमीत कमी एवढा, जास्तीत जास्त एवढा, सरासरी एवढा. सोबत हातात कांदा धरलेला एखादा फोटो, क्वचित लिलावाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. अ‍ॅडमिन कोण असतो? कृषी सेवा केंद्रवाला, ठिबकचा डीलर, एखादा व्यापाऱ्याचा मुनीम, शेतकरी संघटनेचा जुना माणूस. पक्षाने काढलेला असा एकही ग्रुप नीट चाललेला मी पाहिला नाही. आणि त्या ग्रुपची पत कशामुळे? खोटा भाव तिथे दहा मिनिटं टिकत नाही, कारण ग्रुपमधला कुणी ना कुणी त्या क्षणी ट्रॅक्टर घेऊन लिलावाच्या रांगेत उभाच असतो. तो लगेच लिहितो, 'नाही हो, माझा आत्ता एवढ्याला गेला.' अशी वर्षानुवर्षं पारखून घेतलेली जागा. तिथे एखादा माणूस भावाच्या मेसेजखाली एक ओळ टाकतो, की निर्यात चालू असती तर हाच माल किती गेला असता. त्या एका ओळीचं वजन पन्नास रील मिळून येणार नाही.

१५ मे २०२४ रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा होती. भाषण चालू असताना गर्दीतल्या एका तरुणाने कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला. काही सेकंदांची क्लिप. ती रात्रीपर्यंत या ग्रुपांतून घराघरांत गेली, आणि कुठल्याही पक्षाच्या आयटी सेलला त्यासाठी बोटही हलवावं लागलं नसेल. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या आणि शाळेत शिकवणारे भास्कर भगरे खासदार झाले. नाशिकलाही विरोधी आघाडीचे राजाभाऊ वाजे आले.

आता यावरून 'व्हॉट्सअ‍ॅपने सरकारविरोधी लाट आणली' असं कुणी सांगू लागला तर त्याला नोव्हेंबरची आठवण द्या. सहाच महिन्यांनी, तेच शेतकरी, तेच ग्रुप, तेच अ‍ॅडमिन, आणि विधानसभेला जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला. ग्रुप कुणाच्या मालकीचे झाले नव्हते. लोकांच्या मनात जे घोळत असतं ते तिथे लवकर वर येतं, एवढंच.

त्या सहा महिन्यांत काय झालं याची कारणं अनेक आहेत, पण मोबाइलपुरतं बोलायचं तर एक मेसेज मी विसरू शकत नाही. तो कुठल्या पक्षाचा नव्हता, बँकेचा होता. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून खात्यात पडायला लागले. पैसे जमा झाल्याचा तो एसएमएस बायका एकमेकींना दाखवत होत्या, स्क्रीनशॉट काढून बचत गटाच्या ग्रुपवर टाकत होत्या, 'तुझा आला का?' म्हणून विचारत होत्या. मुख्य म्हणजे तो मेसेज तिच्या फोनवर आला होता. घरातल्या पुरुषाच्या नाही. आम्ही प्रचारवाले लोक वर्षानुवर्षं एका घरात एक नंबर गोळा करायचो आणि तो कर्त्या पुरुषाचा असायचा. ती यादी त्या वर्षी निम्म्या किमतीची झाली. तुम्ही स्वतः बाई आहात आणि काम तुमच्याकडे आलंय, ही काकांची मोठी जमेची बाजू आहे. गावोगावच्या बायकांचे नंबर, त्यांच्या परवानगीने, तुम्ही घ्या. फक्त आशा आणि अंगणवाडी सेविकांचे कामाचे जे ग्रुप असतात तिथे प्रचाराचं काही टाकू नका, कुणाकडून टाकवूनही घेऊ नका. आचारसंहितेत त्या बिचाऱ्यांच्या नोकरीवर येतं.

स्टेटसबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आपल्याकडे वाढदिवस, दशक्रिया, मुंज, नवा ट्रॅक्टर, सगळं स्टेटसला असतं. गावात व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस म्हणजे घरावर लावलेला झेंडा झालाय, कोण कोणाच्या बाजूला ते उभ्या गावाला दिसतं. त्याचे फायदे आहेत : स्टेटस फक्त ज्यांच्याकडे एकमेकांचे नंबर सेव्ह आहेत त्यांनाच दिसतं, म्हणजे सगळे ओळखीचे, बहुतेक गटातलेच. शंभर कार्यकर्त्यांनी काकांचं एक साधं स्टेटस ठेवलं तर ते जिथे पोचायला हवं तिथेच पोचतं, फुकट. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याने कुणाचंच स्टेटस ठेवलं नाही, तो खरा काठावरचा मतदार. तो सगळ्यांचे स्टेटस बघतो, स्वतः गप्प राहतो. सोसायटीचं कर्ज एकाकडे, मुलाची नोकरी दुसऱ्याच्या संस्थेत, भावकी तिसऱ्याकडे, तो उघड बोलणार कसा? कार्यकर्ते अशांना 'स्टेटस ठेवा की भाऊ' म्हणून गळ घालतात आणि हातातलं मत घालवतात. त्याच्याकडे काकांनी जावं, एकट्याने, संध्याकाळी, फोटोग्राफर न घेता.

फोटोवरून आठवलं. हल्ली भेटीपेक्षा भेटीचा फोटो मोठा झालाय. उमेदवार ओट्यावर बसतो, चहा येतो, फोटो निघतो, कॅप्शन पडते 'ज्येष्ठांचे आशीर्वाद घेतले', आणि चहा संपायच्या आत गाडी सुरू. त्या ज्येष्ठांना काय सांगायचं होतं ते त्यांच्याच ओठावर राहतं. पुढचे आठ दिवस ते आल्यागेल्याला तेच सांगत बसतात.

बरं, आता दिंडोरीचीच दुसरी गोष्ट, आणि ही तुम्ही वहीत लिहून ठेवा. भास्कर भगरे ज्या पक्षाचे, त्या राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. प्रचारात, गाण्यात, रीलमध्ये, सगळीकडे नुसता गजर : तुतारी, तुतारी. मशिनवर मात्र भगरे याच आडनावाचा एक अपक्ष उमेदवार होता आणि त्याचं चिन्ह होतं नुसती 'तुतारी'. त्याला एक लाखाहून जास्त मतं पडली. त्या उमेदवाराच्या ना सभा गाजल्या, ना रील. भास्कर भगरे मोठ्या फरकाने निवडून आले म्हणून निभावलं. साताऱ्यात तुतारी चिन्हाच्या अपक्षाला जेवढी मतं गेली ती त्याच पक्षाच्या शशिकांत शिंदे यांच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. म्हणजे मोबाइलवरून माणसाच्या कानात शब्द बसला, पण बोटाला जागा सापडली नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या सगळ्या प्रचारात सगळ्यात मोलाची इमेज ही दिसायला सगळ्यात कंटाळवाणी असते : मतदान यंत्राचा नमुना, त्यावर अनुक्रमांक, काकांचं नाव जसं छापून येणार तस्सं, आणि चिन्ह जसं काढलेलं असेल तस्सं. चिन्हवाटप झालं की त्याच दिवशी बनवा आणि शेवटपर्यंत तेच एक चित्र फिरवा. तुमच्याकडे तर मतदाराला दोन मतं द्यायची असतात, एक गटाचं, एक पंचायत समितीच्या गणाचं. म्हाताऱ्या माणसांचा तिथे हमखास गोंधळ होतो. नाशिक शहरात १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं, तेव्हा हा त्रास आणखी मोठा होता : ३१ प्रभाग, त्यातले २९ चार जागांचे आणि दोन तीन जागांचे. एका मतदाराने अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. शिवाय आधीची निवडणूक २०१७ ची, म्हणजे मधे जवळपास नऊ वर्षं गेलेली. कित्येकांनी तर महापालिकेचं मत आयुष्यात पहिल्यांदा दिलं. अशा वेळी चार बटणं कशी दाबायची हे घरातल्या आजीला समजेल असं एक मिनिटात दाखवणारा व्हिडिओ ज्यांनी केला, त्यांना तो घरगुती ग्रुपवर आपोआप पुढे गेलेला दिसला. त्यावर लाइक येत नाहीत. लोक तो आईला, सासूला पाठवतात.

शहराचा विषय निघालाय तर तिथला फरकही सांगतो. शहरात भावाच्या ग्रुपची जागा सोसायटीच्या ग्रुपने घेतलीय. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, म्हसरूळ, कुठेही जा, ग्रुपवर रोजचे विषय तेच : पाणी किती वाजता आलं, घंटागाडी आली का, द्वारका चौकात किती वेळ अडकलो. सिडको-सातपूरला खानदेशातून आलेली कुटुंबं भरपूर, तिथे अहिराणीत बोललेली साधी क्लिप शुद्ध मराठीतल्या चकचकीत रीलपेक्षा दहापट चालते. नगरसेवकाला पूर्वी गाठायचं तर ऑफिसवर जावं लागे, तो बाहेरगावी असायचा. आता फुटलेल्या चेंबरचा फोटो ग्रुपवर पडतो, त्यात त्याला टॅग केलं जातं आणि खाली लोक तास मोजत बसतात. महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता, नगरसेवक नव्हते, तरी माजी नगरसेवकांची यातून सुटका नव्हती. निवडणुकीत सहभाग वाढला का हे जर विचारायचं असेल तर मी मतदानाच्या टक्क्याआधी हे पाहीन.

तपोवनातली झाडं आठवा. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तिथली झाडं काढायचा प्रस्ताव आला, २०२५ च्या अखेरीस. तपोवनात जमणाऱ्या लोकांचे व्हिडिओ फिरू लागले, अभिनेते सयाजी शिंदे आले, विषय राज्यभर गेला. पण मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. लोकांनी नुसत्या पोस्ट टाकल्या नाहीत. महापालिकेकडे हरकती नोंदवल्या, कागदावर, रीतसर. हरकत कशी लिहायची, कुठे द्यायची, शेवटची तारीख कोणती, हे ग्रुपवरून कळत गेलं. लगेच पुढे निवडणूक होती, त्यामुळे मत मागायला आलेल्या प्रत्येकाला या विषयावर तोंड उघडावं लागलं. सोशल मीडियाने मतदाराला काही दिलं असेल तर ते हे, दोन निवडणुकांच्या मधल्या काळात विचारायची सोय. पक्षांना त्याचा उपद्रव वाटतो, आणि वाटलाच पाहिजे.

तरुणांचं विचारलंत. नाशिक लोकसभेचं मतदान २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा साठ टक्क्यांच्या आसपासच घुटमळलं. या दहा वर्षांत मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, रील आल्या, इन्फ्लुएन्सर आले, निवडणूक आयोगाच्या जाहिराती आल्या, पण टक्का एखाद-दीड अंकानेच सरकत राहिला. पोरं रील बघतात, मीम टाकतात, उमेदवारासोबत सेल्फी काढतात आणि मतदानाच्या दिवशी कळतं की यादीत नावच नाही. किंवा नाव गावाकडे आणि पोरगा पुण्यात कंपनीत. रीलने उत्साह येत असेल, पण नाव नोंदवायचा फॉर्म क्रमांक ६ रील भरत नाही. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची धरतात. शहरात या वेळी १ जुलै २०२५ ची धरली, त्यानंतर कितीही धावपळ केली तरी उपयोग नव्हता. तेव्हा काकांच्या नावाने काही करायचंच तर आत्ता हे करा : गटातली अठरा पूर्ण झालेली मुलं-मुली शोधा, नोंदणीची लिंक पाठवा, ज्यांना जमत नाही त्यांच्यासोबत बसून फॉर्म भरा. बाहेरगावी असलेल्या पोरांची गाववार वेगळी यादी ठेवा, मतदानाची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी त्यांना फोन. मेसेज नाही, फोन. मालेगाव मध्यला २०२४ ला निकाल १६२ मतांनी लागला. जि. प. गटात तर याहून कमी फरकाने लोक पडलेत.

आता भानगडींचं बोलू, कारण त्या होणारच.

अफवेचं काय होऊ शकतं हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. देशभरात अशा घटना झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा आणली. २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. निवडणुकीतली अफवा जीव घेत नसेल, पण तिची वेळ नेमकी असते. २०२४ च्या विधानसभेला मतदानाच्या आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून बिटकॉइनबद्दलच्या क्लिप फिरल्या. सुळे यांनी त्या बनावट असल्याचं सांगून तक्रार केली, पडताळणी करणाऱ्यांनाही तो आवाज एआयने बनवल्यासारखा वाटला. पण जाहीर प्रचार संपलेला, सकाळी मतदान, कोण कोणाला किती समजावणार? लोकसभेच्या वेळीच आयोगाने असला बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा असं पक्षांना बजावलं होतं. गावच्या ग्रुपवर तीन तास म्हणजे सगळं गाव पाहून झोपलेलं असतं.

तुमच्या पातळीवर क्लिप बिटकॉइनची नसेल. 'काकांनी माघार घेतली', 'काका अमक्याला पाठिंबा देऊन मोकळे झाले', असला मजकूर असेल, वर्तमानपत्राच्या कात्रणासारखा दिसणारा, रात्री अकराला. यावर उपाय आधी करून ठेवायचा असतो. प्रत्येक गावात एक माणूस ठरवा ज्याचं ऐकलं जातं. पुढारी नको, तो भावाचा ग्रुप चालवणारा असतो ना, तसा. असं काही आलं की काकांनी स्वतः मोबाइलसमोर बसून अर्ध्या मिनिटात सांगायचं, 'मी उभा आहे, हे माझं चिन्ह, हा माझा क्रमांक.' खोटा मेसेज पुन्हा दाखवून त्याला उत्तर देत बसायचं नाही, त्याने तो आणखी फिरतो. आणि तो व्हिडिओ त्या त्या गावच्या ठरलेल्या माणसाने टाकायचा.

नियमांचं थोडक्यात. लोकसभा-विधानसभेला केंद्राचा निवडणूक आयोग असतो. तिथे २०१३ पासून उमेदवाराला शपथपत्रातच आपली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात, पैसे देऊन केलेली जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि हा सगळा खर्च, कंटेंट बनवणाऱ्या पोरांच्या पगारासकट, उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. आपल्या राज्यात लोकसभेला ती मर्यादा ९५ लाख आहे, विधानसभेला ४० लाख. तुमची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची. तिची मर्यादा वेगळी आणि पुष्कळ कमी, ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून लेखी घ्या आणि एजन्सीच्या प्रत्येक रुपयाचं बिल ठेवा. 'बिलाशिवाय करून देतो, दुसऱ्या पेजवरून चालवतो' म्हणणारे भेटतील. ती पेजं कुणाची, त्यांनी कितीची जाहिरात केली, हे मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, अ‍ॅड लायब्ररीत कुणालाही बघता येतं. तुमचा विरोधकही बघू शकतो. तुम्हीही त्याची बघा, बसल्या जागी बरंच कळतं.

राहिलं अ‍ॅडमिनचं. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन आहे या कारणावरून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. त्यात संगनमत दिसलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा घाबरू नका. पण निवडणूक होईपर्यंत गावच्या ग्रुपचं अ‍ॅडमिनपद दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, शक्यतो ज्याचा निवडणुकीशी संबंध नाही अशाच्या. तुम्ही पुतणी, उद्या एखाद्याला ग्रुपमधून काढलंत तरी ते काकांनी काढलं असं होणार. काकांसाठी वेगळा ग्रुप करा, गाववार करा, येईल त्यालाच घ्या. न विचारता दोनशे नंबर भरू नका, लोक मुकाट्याने बाहेर पडतात आणि ते लक्षात ठेवतात. दिवसाला एक मेसेज, फार तर दोन. आणि एजन्सीसाठी काढून ठेवलेल्या पैशातून आधी मतदार यादीचं अ‍ॅप आणि चिठ्ठ्या छापायची छोटी मशिनं घ्या, बूथला एक. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला लोक तुमच्या टेबलावर येतात ते भाग क्रमांक आणि अनुक्रमांक विचारायला.